मॅक्रो लेन्स परवडत नाही, पण उडी कोळ्याचे डोळे तर टिपायचेत!

टाचणी

खिडकीच्या चौकटीत गेले दोन आठवडे एक उडी कोळी मुक्कामाला आहे. लांबी फार तर ६ मिलिमीटर. मी जवळ गेले की पळत नाही, उलट गर्रकन वळून माझ्याकडेच बघतो. समोरचे ते दोन मोठे डोळे मला फोटोत हवेत, आणि नेमके तेच मिळत नाहीत.

सामान असं: क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅननचा डीएसएलआर; १८-५५, ५५-२५० आणि ५० मिमी एफ/१.८ या लेन्स, तिन्ही एसटीएम (फोकस मोटरने होणाऱ्या). १८-५५ जेवढी जवळ नेता येते तेवढी नेली, तरी फोटोत कोळी म्हणजे तपकिरी ठिपका. कापून मोठा केला की डोळ्यांच्या जागी चार चौकोन उरतात. मग अगदी जवळून छोटी वस्तू मोठी टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सच्या किमती बघितल्या आणि निमूटपणे कॅमेरा पुसून ठेवून दिला.

शोधाशोध केली तर क्लोज-अप फिल्टर, ट्यूब, उलटी लेन्स असे तीन-चार रस्ते दिसतायत आणि जो तो आपलाच रस्ता खरा म्हणतोय. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगा. ऐकीव नको.

मुंगळा

माझीही हीच रड आहे. खाली बसून वाचतो.

अर्धवट_फोकस

रिव्हर्स रिंग. विषय संपला. :)

एका बाजूला फिल्टरचे आटे, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स अडकवायची जागा), मध्ये नुसती धातूची कडी. लेन्स उलटी करून बसवायची. कडीत काच नाहीच, त्यामुळे चांगली-वाईट असा प्रश्न नाही, सगळ्यात स्वस्त मिळेल ती उचला. ५० उलटी लावली की १:१ च्या (सेन्सरवर खऱ्या आकाराच्या) थोडं अलीकडे पोचता. १८-५५ उलटी लावून १८ वर फिरवली तर थेट तिपटीच्या आसपास. उलट्या लेन्सचं गणितही उलटं, फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) जितकी कमी तितकं चित्र मोठं.

आणि चित्र खरोखर चांगलं येतं, हा काही जुगाड नाही. साधी लेन्स बनवलेली असते ती लांबचं मोठं दृश्य छोट्या सेन्सरवर आणायला. १:१ च्या पलीकडे गेलं की वस्तू छोटी आणि चित्र मोठं, म्हणजे मामला उलटा होतो. मग लेन्सही उलटी केली की ती पुन्हा तिला शिकवलेलंच काम करते.

तोटे: कोळी लेन्सपासून चार-पाच सेंटिमीटरवर लागतो, ऑटोफोकस नाही, उजेडाचं भोक लहान-मोठं करणारं अ‍ॅपर्चर नाही.

टाचणी

अ‍ॅपर्चर नाही म्हणजे कायम पूर्ण उघड्या एफ/१.८ वरच? मग एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धुक्यात असंच होणार ना?

अर्धवट_फोकस

एक डोळा मिळाला तरी नशीब समजा. एफ/१.८ वर पापणीही पूर्ण येणार नाही (कोळ्याला पापणी नसते, कळलं).

पण कॅननवर त्याला एक युक्ती आहे. लेन्स सरळ लावा, एफ/८ निवडा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (किती खोलीपर्यंत स्पष्ट येईल ते आधी दाखवणारं) बटण दाबून धरा आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स काढून घ्या. भोक मिटवणारी पाती एफ/८ वर तशीच थांबतात. मग उलटी लावा. निकॉनच्या जी मालिकेतल्या लेन्सचं याच्या बरोबर उलट असतं. कॅमेऱ्यावरून काढली की पाती मिटतात, मागची छोटी दांडी कागदाची घडी खुपसून अडकवावी लागते. जुन्या निकॉन लेन्सना अ‍ॅपर्चरची कडी असते, त्यांची मजाच वेगळी.

भिंगरी

अर्ध्याबुवा, त्यांची ५० एसटीएम आहे हे विसरलात. तिची फोकसची कडी विजेशिवाय फिरत नाही, आणि पुढची नळी आतबाहेर करणारी आहे. उलटी लावली की सगळा भार त्या नळीवर. हलक्या हाताने वापरा एवढंच म्हणेन. शिवाय लेन्सची मागची काच उघडी पडते आणि तिचं तोंड किड्याकडे. पानाचं टोक टेकलं की संपलं.

टाचणी, रस्ता निवडण्याआधी "किती मोठं हवंय" ते ठरवा, मग सामान आपोआप ठरतं. तुमचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. १:१ म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटते, म्हणजे चौकटीत २२.३ मिमी एवढाच प्रदेश मावतो. ६ मिमीचा कोळी त्यातली साधारण पाव रुंदी घेईल. दुप्पट केलं तर चौकट ११ मिमीची आणि कोळी निम्म्याहून जास्त. तुमची १८-५५ जवळात जवळ ०.३६ पर्यंत जाते. तेव्हा चौकट ६२ मिमीची, त्यात कोळी जेमतेम एक दशांश. ठिपका का दिसतोय ते कळलं असेल. डोळे हवेत तर तुम्हाला दीड ते दोन पट लागणार. फुलासाठी ०.५ पुरतं, फुलपाखराला १:१ सुद्धा जास्त होतं, त्याचे पंख बाहेर जातात.

आता तिथे पोचायचे मुख्य मार्ग दोनच. एक, लेन्स सेन्सरपासून लांब सरकवायची, ती एक्स्टेन्शन ट्यूब. दुसरा, लेन्सला वाचायचा चष्मा लावायचा, तो क्लोज-अप फिल्टर.

ट्यूबचा हिशेब: ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ. ५० मिमीला ३६ ची ट्यूब लावली तर ०.७२ मिळालं, लेन्सचं स्वतःचं ०.२१ धरून ०.९३. तीच ट्यूब २५० मिमीला लावली तर मिळालं ०.१४! सगळं मिळून ०.४३. पैसे पाण्यात.

भिंगाचा हिशेब: फोकल लेंग्थ गुणिले नंबर भागिले १०००. +८ चं भिंग ५० वर लावलं तर ०.४. तेच २५० वर लावलं तर २.

लेन्स जवळ घेतली की तिची फोकल लेंग्थ आतल्या आत बदलते, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण दिशा हीच. आखूड लेन्सला नळी, लांब लेन्सला भिंग. तुमच्याकडे ५५-२५० आहे, म्हणजे भिंग घ्या.

भिंगाचं आणखी एक सुख आहे. लेन्सचा फोकस अनंतावर (सगळ्यात लांब) ठेवला की वस्तू भिंगापासून किती अंतरावर लागेल हे फक्त भिंगाचा नंबर ठरवतो: १००० भागिले नंबर, मिलिमीटरमध्ये. +८ ला साडेबारा सेंटिमीटर, +४.८ ला जवळपास २१. मागे ५५ असो की २५०, अंतर तेच.

मुंगळा

+१, +२, +४, +१० असा चार काचांचा संच सगळीकडे दिसतो, तो चालेल का? फारच स्वस्त आहे.

भिंगरी

तो मी वापरला आहे आणि आता त्यातल्या एकाचा उपयोग पोस्टाची तिकिटं बघायला करते, डोळ्याला लावून. :)

त्या एकेरी काचा. मधोमध बऱ्या, पण कडेला चित्र विरघळतं आणि काळ्या-पांढऱ्या सीमेवर जांभळी-हिरवी झालर येते. दोन-तीन एकावर एक चढवल्या की सगळे दोष एकत्र नांदतात. ५० किंवा ५५ मिमीवर +२ लावून फुलं काढणार असाल तर खुशाल घ्या, फुलाच्या कडा धूसर झाल्या तर कुणी भांडायला येत नाही. २५० मिमीच्या टोकाला मात्र ती काच सगळं उघडं पाडते.

तिथे लागतो अ‍ॅक्रोमॅट, म्हणजे दोन-तीन काचा मिळून केलेलं भिंग, ज्यात रंगांची झालर दाबलेली असते. रेनॉक्स डीसीआर-१५० म्हणजे +४.८ आणि डीसीआर-२५० म्हणजे +८. दोन्ही चिमट्यासारख्या पकडीने ५२ ते ६७ मिमी आट्यांच्या लेन्सवर बसतात. ५५-२५० एसटीएमचे आटे ५८ मिमीचे, म्हणजे चपखल. कॅननची स्वतःची ५००डी (+२) आणि २५०डी (+४) अशी भिंगंही आहेत. त्यांचे आकडे म्हणजे भिंगाची फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये. रेनॉक्सच्या आकड्यांना असा काही अर्थ लावायला जाऊ नका. आणि कॅनन २५०डी शोधायला गेलात तर त्याच नावाचा कॅमेरा समोर येईल, घाबरू नका.

एकच काळजी घ्या, रेनॉक्सची काच लहान आहे. झूम ५५ कडे आणला की चारी कोपरे काळे होतात.

चष्मिश

एवढे सगळे तुकडे गोळा करण्यापेक्षा थोडे महिने थांबून एकदाच खरी मॅक्रो घ्यावी हे माझं स्पष्ट मत. ट्यूब घेतली, मग रिंग घेतली, मग भिंग घेतलं, आणि शेवटी मॅक्रोही घेतली. माझाच इतिहास सांगतोय.

काळोखखोली

चष्मिश, तुमचं दुःख समजलं, पण "खरी मॅक्रो" म्हणजे नवीकोरी ऑटोफोकसवालीच असं कुठे आहे? जवळून फोटो काढताना ऑटोफोकस तसाही बंदच ठेवतात. मग जुनी मॅन्युअल मॅक्रो का नको?

निकॉनची ५५ मिमी मायक्रो-निकॉर घ्या. (निकॉन आपल्या लेन्सना मॅक्रो म्हणत नाही, मायक्रो म्हणतं. १९५६ मधली पहिली मायक्रो-निकॉर जपानी कागदपत्रांच्या मायक्रोफिल्म काढण्यासाठी होती, किड्यांचा तिच्याशी संबंध नव्हता.) ही ५५ मिमी स्वतःच्या बळावर अर्ध्या आकारापर्यंत जाते. पीके-१३ नावाची २७.५ मिमीची ट्यूब लावली की १:१. भिंगरीताईंचा हिशेब लावून बघा, बरोबर येतो. वापरलेली सहज मिळते, फोकसची कडी लोण्यासारखी फिरते आणि अ‍ॅपर्चर बोटाने बदलता येतं.

टाचणींच्या कॅननवरही ती साध्या अ‍ॅडाप्टरने बसते, कारण निकॉनचा माउंट सेन्सरपासून ४६.५ मिमीवर असतो आणि कॅननचा ४४. अडीच मिमीची फट उरते, तिथे कडी मावते. कॅननची लेन्स निकॉनवर लावायची म्हटलं तर ही सोय नाही.

मला त्याहून आवडतात त्या डार्करूममधल्या एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राच्या) लेन्स. नावावरून माझा धंदा कळला असेलच. ५० मिमी एफ/२.८ ची एल-निकॉर घ्या किंवा तसलीच दुसरी. निगेटिव्हच्या सपाट पट्टीवरून सपाट कागदावर चित्र टाकायला बनवलेली, त्यामुळे कडेपर्यंत सारखी धारदार. ३९ मिमीचे आटे असतात. बेलोजच्या (पुढेमागे होणाऱ्या भात्याच्या) किंवा ट्यूबच्या पुढे एका कडीने बसवायची, झालं. तिच्यात फोकसची सोय नसते, बेलोजच पुढेमागे करायचा.

हे कशासाठी? नाणी, तिकिटं, जुन्या निगेटिव्ह, कापडाची वीण यांसाठी. सपाट वस्तूला कडेपासून कडेपर्यंत धार लागते आणि तिथे भिंग आणि नळ्या उघड्या पडतात. किडा गोल असतो. त्याचा डोळा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसरच असायचं, त्यामुळे कडेचे दोष दिसतच नाहीत. म्हणून किडेवाल्यांना स्वस्तात भागवता येतं आणि तिकीटवाल्यांना येत नाही.

अर्धवट_फोकस

काका, दोन लेन्स एकमेकींच्या तोंडाला तोंड लावायची गोष्ट सांगा ना. तुमच्याकडूनच शिकलो होतो.

काळोखखोली

हो, ती राहिलीच. कॅमेऱ्यावर लांब लेन्स सरळ लावायची, तिच्या पुढे दुसरी लेन्स उलटी. मध्ये दोन्ही बाजूंना बाहेरचे आटे असलेली कडी. टाचणींना एका बाजूला ५८ चे आणि दुसऱ्या बाजूला ४९ चे लागतील. मागची भागिले पुढची एवढा आकार मिळतो. २५० भागिले ५० म्हणजे पाचपट!

नीट बघितलं तर ही वेगळी युक्ती नाहीच. उलटी ५० म्हणजे +२० नंबरचं उत्तम दर्जाचं भिंग. पुढच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं, नियंत्रण मागच्या लेन्सवरून. पाचपटीला चौकट साडेचार मिलिमीटरची. कोळ्याचा नुसता चेहरा मावेल, पण श्वास घेतलात तरी तो चौकटीबाहेर जाईल. पहिल्याच दिवशी याच्या वाटेला जाऊ नका.

सावलीवाला

इतका वेळ सगळे काचांवर बोलतायत, प्रकाशावर कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणून आलो.

ट्यूब लावली की उजेड घटतो. लेन्सवर लिहिलेला एफ-आकडा गुणिले (१ + आकारपट), हा खरा एफ-आकडा. १:१ ला एफ/८ म्हणजे प्रत्यक्षात एफ/१६. दोन स्टॉप गेले, उजेड पाव उरला. दुपटीला एफ/८ म्हणजे एफ/२४. उलट्या लेन्सलाही ढोबळमानाने हेच. म्हणूनच "मॅक्रोत एफ/११ च्या पुढे जाऊ नका" म्हणतात, कारण एफ/१६ निवडलं की खरा आकडा ३२ होतो आणि डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने) सगळं चित्र मऊ पडतं.

पण भिंगाला हा नियम लागत नाही, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. लेन्स अनंतावर आहे, सेन्सरपासून हललेलीच नाही, त्यामुळे एफ/१६ म्हणजे एफ/१६ च. रेनॉक्सवाले बिनधास्त एफ/१६ वापरतात आणि ट्यूबवाले त्यांना नावं ठेवतात, तेव्हा दोघं वेगळ्याच आकड्यांबद्दल बोलत असतात.

तरीही स्पष्ट दिसणारी खोली किती मिळते ते ऐका. दुपटीला, खऱ्या एफ/१६ वर, तुमच्या सेन्सरला सुमारे ०.१५ मिलिमीटर. १:१ ला साधारण ०.६. हातात धरून, जिवंत कोळी. म्हणजे अ‍ॅपर्चर बारीक लागणारच, शटर वेगवान लागणारच, आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवला तर डोळ्यांभोवतीचे केस दाणेदार होणार. यातून सुटायचा एकच मार्ग आहे, फ्लॅश.

एम मोड (सगळं हाताने ठरवायचं), १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ पासून सुरू. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच चालतो. चित्र त्या झोतातच बनतं, म्हणून हात थरथरला तरी चालतं.

नुसता फ्लॅश मारू नका मात्र. कोळ्याच्या पाठीवर पांढरे चट्टे उठतील. फ्लॅश आणि कोळी यांच्यामध्ये पांढरा पडदा हवा: ट्रेसिंग पेपर, पॅकिंगमध्ये येणारा पातळ पांढरा फोम, काहीही. पडदा लेन्सच्या तोंडापर्यंत पुढे वाकवा. साडेबारा सेंटिमीटरवर बसलेल्या ६ मिमीच्या प्राण्याला वहीच्या पानाएवढा कागद म्हणजे अख्खं आभाळ. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅशही चालतो, फक्त लेन्सची सावली पडते. पुठ्ठ्याचा बोगदा करून उजेड पुढे आणावा लागतो.

माझं ऐकाल तर अर्धं बजेट काचेवर आणि अर्धं फ्लॅशवर. उघड्या फ्लॅशने महागड्या लेन्समधून काढलेल्या फोटोपेक्षा चांगल्या पडद्यातून, स्वस्त भिंगातून काढलेला फोटो मी केव्हाही उचलेन.

चष्मिश

हे मात्र पटलं. माझ्या "शेवटी घेतलेल्या" मॅक्रोचे फोटोही फ्लॅशशिवाय तसलेच येत होते.

मुंगळा

आणि ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांचं काय? हात वर करतोय.

नाकतोडा

मोबाइलवाल्यांसाठी माझा अनुभव. "मॅक्रो कॅमेरा" म्हणून मागे जी २ मेगापिक्सेलची चकती असते ती विसरून जा. मुख्य कॅमेऱ्यावर चिमटा-लेन्स लावा. तीही भिंगच, वरचाच हिशेब. काही महाग फोनमध्ये अल्ट्रावाइड कॅमेराच दोन-तीन सेंटिमीटरवर फोकस करतो, तो मात्र खरोखर चांगला, फक्त फोनची सावली किड्यावर पडते.

फुकटात हवं असेल तर बंद पडलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमधली इवलीशी लेन्स काढा आणि फोनच्या कॅमेऱ्यावर मधोमध चिकटवा. एक सेंटिमीटरहूनही जवळ जावं लागतं, मध्यभाग सोडून सगळं धूसर, पण मुंगीचे जबडे दिसतात. पाण्याचा थेंब टाकायची युक्तीही चालते, फोन सपाट राहिला तोवर.

भटका_टिपकागद

कोळी हलू नये म्हणून पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गारठला की मूर्तीसारखा बसतो.

सावलीवाला

हे करू नका. किडा मरू शकतो किंवा अर्धमेला होतो, आणि फोटोत पाय आकसलेले, पोज मेलेली दिसते. जाणकाराला लगेच कळतं. हवा असेल तर पहाटे उठा. थंडीत किडे आपणहून सुस्त असतात, अंगावर दवाचे थेंबही फुकट मिळतात.

भटका_टिपकागद

बरं. माघार. पहाटे उठणं जास्त क्रूर आहे असं माझं मत नोंदवून ठेवतो.

टाचणी

सगळ्यांचे आभार. अहवाल देते, आधी फजितीचा.

भिंगरीताईंनी सांगूनही स्वस्तात मिळाल्या म्हणून आधी ट्यूबच घेतल्या, साध्या, विजेच्या टोकांशिवायच्या. ५० लावली तर पडद्यावर एफ००. अ‍ॅपर्चर बदलेना, आणि फोकसची कडी कितीही फिरवली तरी काही हलेना. संध्याकाळभर कॅमेरा बिघडला असं समजून बसले होते.

भिंगरी

अरेरे. ट्यूब घेताना तेवढं एकच बघायचं असतं, आत सोनेरी टोकं आहेत का. ती नसतील तर कॅमेरा आणि लेन्स यांचं बोलणंच बंद. जुन्या मॅन्युअल लेन्सला मात्र त्याच ट्यूब अगदी उत्तम, त्यामुळे फेकू नका. काळोखखोलींची ५५ कधी हाती आली तर उपयोगी पडतील. आणि १८-५५ च्या १८ च्या टोकाला ३६ ची ट्यूब लावायचा प्रयत्न करू नका. ट्यूब फोकल लेंग्थपेक्षा लांब झाली की फोकस काचेला टेकतो किंवा लेन्सच्या आतच होतो.

टाचणी

तोही प्रयोग करून झाला. :( लेन्सवरची धूळ सुरेख दिसली.

असो. मग मैत्रिणीकडून रेनॉक्स डीसीआर-२५० उसनं आणलं. कोळ्याआधी मोजपट्टीचा फोटो काढला: २५० मिमीवर चौकटीत बरोबर १२ मिलिमीटर मावले. २२.३ भागिले १२ म्हणजे १.८६. दोन का नाही आले?

काळोखखोली

लेन्सवर लिहिलेला २५० हा गोल आकडा असतो, प्रत्यक्षात थोडी कमी भरते. १.८६ उत्तम आहे. मोजपट्टीचा फोटो काढलात याचा आनंद झाला. बहुतेक लोक डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवतात.

आता फोकसची कडी विसरा. ऑटोफोकस बंद, कडीला हात नाही. कोपर चौकटीला टेकवा आणि स्वतः पुढे झुका. डोळे स्पष्ट होऊन पुन्हा विरघळतात, त्या झुकण्यातच तीन-चार फोटो मारा. एखादा लागतो. पन्नासात दोन चांगले आले तर तुम्ही पास.

नाकतोडा

पानावर बसलेला असेल तर डाव्या हाताने देठ धरा आणि त्याच हाताच्या मुठीवर लेन्स टेकवा. कोळी आणि कॅमेरा दोघं एकत्र डोलतात, अंतर बदलत नाही. ही एक गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली.

मुंगळा

ते बरेच फोटो एकत्र जोडून सगळा किडा स्पष्ट करतात ते?

काळोखखोली

फोकस स्टॅकिंग. झिरीन स्टॅकर, हेलिकॉन फोकस ही विकतची, फुकट हवं तर कंबाइनझेडपी. पण प्रत्येक फोटोत फोकस कणभर पुढे सरकवायचा आणि वस्तू हलता कामा नये. नाण्याला, बियाण्याला, झोपलेल्या चतुराला चालतं. उडी कोळी तिसऱ्या फोटोला तुमच्या लेन्सवर उडी मारून बसेल.

टाचणी

उडी मारलीच! चौकटीवरून थेट रेनॉक्सच्या काचेवर. मी किंचाळले, तो नाही.

पण त्याआधी मिळाला! ११८ फोटो, त्यातले ३ बरे, एक चांगला. एफ/१४, १/२००, फ्लॅश १/८, वर ट्रेसिंग पेपरचा पडदा. चार डोळे एका रांगेत, मधल्या दोघांच्या कडेला नारिंगी केस, एकेक मोजता येतो. फोटो जोडला आहे. टीका करा, मनाला लावून घेणार नाही.

भिंगरी

अहाहा! उजव्या डोळ्याची धार बघा.

चष्मिश

माझ्या मॅक्रोने असा आला असता तर मी छापून भिंतीवर लावला असता.

सावलीवाला

प्रकाश छान पसरलाय. एकच सांगतो. डोळे म्हणजे चार काळे आरसे, तुमचा पडदा जसाच्या तसा त्यात दिसतो. पडदा चौकोनी आहे म्हणून प्रत्येक डोळ्यात पांढरी खिडकी आलीय. कडा गोल कापा आणि कागद थोडा फुगवा, मग चमक मऊ होईल. आणि डाव्या मोठ्या डोळ्यात त्या पांढऱ्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक आडवी काळी रेघ आहे. ते काय आहे?

टाचणी

थांबा, मोठं करून बघते.

...स्टेपलरची पिन आहे. कागद फ्लॅशला त्यानेच अडकवला होता.

अर्धवट_फोकस

६ मिमीच्या कोळ्याच्या डोळ्यात स्टेपलरची पिन मोजता येतेय आणि बाई विचारतायत टीका करा!

सावलीवाला

पिन काढा, चिकटपट्टी लावा. आणि दुसरा फोटो टाका, कोळी अजून घरात असेल तर.